वॉलेसने तलवार का उपसली? ‘द स्कॉटिश चीफ्स’ आणि एका प्रेमकथेचा प्रवास

१/
मे १२९७. दक्षिण स्कॉटलंडमधील लॅनर्क या गावी विल्यम हेसेलरिग नावाचा इंग्रज शेरीफ मारला गेला. मारणाऱ्याचे नाव विल्यम वॉलेस. त्याने हे का केले? बहुतेकांना ठाऊक असलेले उत्तर एकच आहे: शेरीफने वॉलेसच्या पत्नीची हत्या केली होती, त्याचा हा सूड. हे उत्तर नेमके आले कोठून, त्याचा हा धागा.

२/
एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वाचकांच्या मनात हे उत्तर रुजवले ते एका कादंबरीने. ‘द स्कॉटिश चीफ्स’, लेखिका जेन पोर्टर, प्रकाशन १८१०, खंड पाच. ऐतिहासिक कादंबरीचा जनक म्हणून वॉल्टर स्कॉटचे नाव घेतले जाते. पण त्याची पहिली कादंबरी ‘वेव्हर्ली’ प्रसिद्ध होण्यास तेव्हा अजून चार वर्षे अवकाश होता.

३/
जेन मूळची इंग्लंडमधील डरहॅमची. लष्करात शल्यचिकित्सक असलेले वडील लवकर वारले आणि आई मुलांना घेऊन एडिंबरोला आली. तेथे लकी फोर्ब्स नावाची एक वृद्धा लहानग्या जेनला वॉलेसच्या गोष्टी सांगत असे. या आठवणी जेनने पुढे आपल्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवल्या आहेत. म्हणजे या कादंबरीचे मूळ ग्रंथालयात नव्हे, आजीबाईच्या गोष्टींत आहे.

४/
या घराचा एक धागा हिंदुस्थानाशीही जुळतो. जेनचा भाऊ रॉबर्ट केर पोर्टर चित्रकार होता. १७९९ मध्ये टिपू सुलतानाची राजधानी श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडली, त्या प्रसंगाचे त्याने काढलेले प्रचंड चित्र १८०० साली लंडनकरांनी गर्दी करून पाहिले. इतिहास डोळ्यांपुढे उभा करण्याची कला या भावंडांच्या अंगात होती.

५/
कादंबरीचा आरंभ १२९६ मधला. वॉलेस पत्नी मेरियनसह एलरस्ली येथे सार्वजनिक जीवनापासून दूर, शांतपणे राहत आहे. एका चकमकीत तो मारच्या अर्लचे प्राण वाचवतो. त्याचा राग धरून हेसेलरिग घरावर चाल करून येतो आणि मेरियनला ठार मारतो. त्या रात्री वॉलेस तलवार हाती घेतो, ती पुन्हा खाली ठेवत नाही.

६/
पुढे कथेत दोन स्त्रिया येतात. मारच्या अर्लची कन्या हेलन वॉलेसवर निर्मळ प्रेम करते. तिची सावत्र आई जोआना त्याच्यावर आसक्त होऊन, नकार मिळताच त्याच्या जिवावर उठते. अखेरीस लंडनच्या टॉवरमध्ये, मृत्यू समोर उभा असताना, हेलन आणि वॉलेस यांचा विवाह होतो. डोळ्यांत पाणी आणणारी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली.

७/
आता कागदपत्रांकडे. १२८६ मध्ये राजा तिसरा अलेक्झांडर घोड्यावरून पडून मरण पावला. १२९० मध्ये त्याची वारस असलेली लहानगी नातही गेली. गादीवर १३ जणांनी हक्क सांगितला. निवाडा करण्यासाठी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला पाचारण झाले. त्याने १२९२ मध्ये जॉन बॅलियलला राजा ठरवले, आणि त्याचबरोबर स्वतःला त्या राजाचा अधिराजही ठरवले.

८/
१२९६ मध्ये एडवर्डने स्कॉटलंडवर स्वारी केली. बेरिक शहरात कत्तल झाली, बॅलियलला पदच्युत केले गेले, स्कून येथील राज्याभिषेकाची शिळा लंडनला नेण्यात आली. पंधराशेहून अधिक प्रतिष्ठित स्कॉटांकडून एडवर्डने निष्ठेच्या शपथा लिहवून घेतल्या. त्या यादीत विल्यम वॉलेसचे नाव नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

९/
मग आले नवे अधिकारी, नवे कर. खजिनदार ह्यू क्रेसिंगहॅम वसुलीच्या मागे लागला. स्कॉटलंडचे मुख्य उत्पन्न असलेल्या लोकरीवर डोळा ठेवला गेला. फ्लँडर्समधील युद्धासाठी स्कॉटांना सक्तीने नेणार, अशी भीती पसरली. जुलै १२९७ मध्ये खुद्द क्रेसिंगहॅमनेच कळवले आहे की वसुली जवळजवळ ठप्प झाली आहे. उठाव एका घरातून नव्हे, देशाच्या अनेक भागांतून पेटला होता.

१०/
लॅनर्कच्या घटनेविषयी सर्वांत जवळचा कागद म्हणजे १३०५ मधील वॉलेसवरचे दोषारोप. त्यात म्हटले आहे की शेरीफ भर न्यायसभेत राजाच्या वतीने दावे चालवत असताना वॉलेसने त्याला ठार केले. पत्नीचा उल्लेख नाही, सुडाचाही नाही. घाव एका माणसावर पडला, तसाच तो परक्या न्यायासनावरही पडला, हे या एका तपशिलावरून दिसते.

११/
मग ती स्त्री आली कोठून? सुमारे १४२० मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळपास सव्वाशे वर्षांनी, अँड्र्यू ऑफ विंटून या मठाधिकाऱ्याने पद्यमय इतिहास लिहिला. त्यात वॉलेसची एक प्रेयसी त्याला लॅनर्कमधून निसटण्यास मदत करते आणि त्यापायी शेरीफ तिला ठार मारतो. येथे ती पत्नी नाही. तिला नावही नाही.

१२/
सुमारे १४७७ मध्ये ‘ब्लाइंड हॅरी’ या कवीने वॉलेसवर जवळपास बारा हजार ओळींचे काव्य रचले. त्यात ती प्रेयसी विवाहित पत्नी झाली. मेरियन ब्रेडफूट हे तिचे नाव याच काव्याच्या परंपरेतून रूढ झाले. १७२२ मध्ये विल्यम हॅमिल्टनने त्या काव्याला सोपे रूप दिले. ते घरोघरी गेले. कवी रॉबर्ट बर्न्सचे बालमन त्यानेच भारले होते.

१३/
जेन पोर्टरच्या हाती आली ती ही मेरियन. जेनने तिला घर दिले, संसार दिला आणि संपूर्ण युद्धाचे कारण तिच्या मृत्यूत ठेवले. निनावी प्रेयसी, मग पत्नी, मग एका राष्ट्राच्या उठावाचे मूळ: सुमारे पाचशे वर्षांत, पुरावा तिळभरही न वाढता, एवढा हा प्रवास झाला.

१४/
जेनला हे बदल करावेसे वाटले, याला काळाचा संदर्भ आहे. १७०७ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड एकाच राज्यात होते. इंग्रजांशी लढलेला वीर इंग्रज वाचकाला प्रिय कसा व्हावा? १८१० मध्ये समोर शत्रू होता नेपोलियन. दुसऱ्याचे देश गिळणाऱ्या कादंबरीतील एडवर्डच्या मागे वाचकाला नेपोलियन दिसू शकत होता. फ्रान्समध्ये नेपोलियनने या कादंबरीवर बंदी घातली, असे सांगितले जाते.

१५/
शिवाय घर उद्ध्वस्त झाल्यावर शस्त्र उचलणारा पुरुष कोणत्याही देशाच्या वाचकाला आपला वाटतो. त्याच्या बाजूचे होण्यासाठी कोणाच्या राजकारणाशी सहमत व्हावे लागत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांची ही आवडती कादंबरी होती. १९२१ मध्ये एन. सी. वायेथ यांच्या चित्रांसह निघालेल्या तिच्या आवृत्तीने पुढच्या पिढीलाही वॉलेस दिला.

१६/
पण या सौद्यात हरवले काय? एक म्हणजे अँड्र्यू मरे. उत्तरेतील उठावाचा हा नेता. ११ सप्टेंबर १२९७ रोजी स्टर्लिंग पुलाजवळ इंग्रजांचा पराभव झाला, त्या सेनेचा तो वॉलेसच्या बरोबरीचा सेनापती होता. त्यानंतर लवकरच तो मरण पावला. सूडकथेला नायक एकच लागतो. त्यामुळे लोकस्मृतीत मरेला जागा उरली नाही.

१७/
दुसरे म्हणजे राज्यकर्ता वॉलेस. स्टर्लिंगच्या विजयानंतर बरोबर महिन्याने, ११ ऑक्टोबर १२९७ रोजी, मरे आणि वॉलेस या दोघांच्या नावे जर्मनीतील ल्यूबेक व हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना एक पत्र गेले. आशय साधा: देश इंग्रजांच्या हातून सुटला आहे, आमची बंदरे पुन्हा खुली आहेत, माल घेऊन यावे. युद्ध जिंकताच पहिली चिंता व्यापाराची!

१८/
त्या पत्रावरील मुद्रेत धनुष्यबाण आहे आणि वॉलेसच्या वडिलांचे नाव ‘अॅलन’ असल्याचे दिसते. ब्लाइंड हॅरीने ते ‘माल्कम’ सांगितले होते. सगळ्या लोकप्रिय परंपरेने हॅरीवर भरवसा ठेवला आणि वॉलेसची स्वतःची मुद्रा मात्र वेगळेच सांगत राहिली.

१९/
२२ जुलै १२९८ रोजी फॉलकर्कला वॉलेसचा पराभव झाला. १३०५ मध्ये तो पकडला गेला आणि २३ ऑगस्ट रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभा केला गेला. आरोप राजद्रोहाचा. हा आरोप त्याने मान्य केला नाही, कारण एडवर्डशी निष्ठेची शपथ त्याने कधी घेतलीच नव्हती. त्याच दिवशी स्मिथफील्ड येथे अत्यंत क्रूरपणे त्याचा वध झाला.

२०/
हा बचाव नीट पाहण्यासारखा आहे. ‘माझ्या घरावर अन्याय झाला’ असे त्यात नाही. ज्या राजाचा मी प्रजाजनच नाही, त्याचा द्रोह मी करू कसा शकतो, हा त्याचा अर्थ. दोषारोपातही त्याने सभा बोलावल्या, आज्ञापत्रे काढली, फ्रान्सशी सख्य ठेवण्याचा आग्रह धरला, असे मुद्दे आहेत. म्हणजे शत्रूलाही त्याच्यात दुःखी पती नव्हे, एक प्रतिस्पर्धी सत्ता दिसत होती.

२१/
जेनचे पुढे काय झाले? ‘वेव्हर्ली’ गाजली आणि ऐतिहासिक कादंबरीचे श्रेय स्कॉटकडे गेले. १८२९ च्या प्रस्तावनेत त्याने मारिया एजवर्थचे ऋण मानले, जेनचे नाही. ही वाट आपण आधी तुडवली होती, असे जेन सांगत राहिली. १८५० मध्ये ब्रिस्टलला तिचे निधन झाले. मरेला विसरायला लावणारी लेखिका स्वतःही बरीचशी विसरली गेली.

२२/
स्कॉटच्या वाटेने हा प्रकार मराठीतही पोहोचला. हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर त्याचा प्रभाव मानला जातो. आणि मेरियन? १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’ चित्रपटात ती ‘मरन’ नावाने पुन्हा आली, पुन्हा मारली गेली आणि वॉलेसने पुन्हा त्याच कारणासाठी तलवार उपसली.

२३/
लॅनर्कमध्ये अशी कोणी स्त्री नव्हतीच, असे कागद म्हणत नाहीत. ते तिच्याविषयी गप्प आहेत. ती असेलही, तिचा जीव खरोखर गेलाही असेल. परंतु उठावाची जी कारणे लिहून राहिली आहेत, ती कर, न्यायासन, शपथ आणि बंदरे यांची आहेत. जेन पोर्टर वाचावी, आवडीने वाचावी. आणि मग ल्यूबेकला गेलेले ते छोटे पत्रही वाचावे. त्यात प्रेमकथा नाही. त्यात एक देश पुन्हा आपला कारभार सुरू करतो आहे.