इलेक्ट्रॉनिक सिटी : पठार, तलाव आणि वसाहत

बंगळुरू शहराच्या आग्नेयेस होसूर मार्गावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी माहिती तंत्रज्ञान उद्योगासाठी जगभर परिचित आहे. या परिसरातील जुनी वस्ती मात्र पठाराच्या उतारांनी आणि पावसाच्या पाण्याने घडविली.

म्हैसूर पठाराचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असून तो प्रामुख्याने नाइस या अतिप्राचीन, कठीण खडकाचा बनलेला आहे. शहरातून दक्षिणोत्तर जाणारा उंचवटा पाण्याची विभागणी करतो. पश्चिमेकडील पाणी वृषभावती व अर्कावतीमार्गे कावेरीस मिळते. पूर्वेकडील पाणी दक्षिण पिनाकिनीकडे वाहते. इलेक्ट्रॉनिक सिटी पूर्वेकडील उतारावर आहे. जवळपास बारमाही नदी नाही, आणि भूजल साठते ते केवळ खडकाच्या भेगांत व वरच्या झिजलेल्या थरात.

त्यामुळे उथळ दऱ्यांत मातीचे बांध घालून तलावांच्या साखळ्या निर्माण करण्यात आल्या. वरचा तलाव भरला की सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जाई. बांधाखालील ओलिताच्या जमिनीत भात, तर उंचावरील तांबड्या मातीत नाचणी पिके. सिंगसंद्र, बोम्मसंद्र या गावांच्या नावांतील 'संद्र' हे 'समुद्र' शब्दाचे रूप मानले जाते. तलावाला समुद्र म्हणावे, इतके त्याचे मोल होते! जवळच्या बेगूर येथील नवव्या शतकाच्या शिलालेखात 'बेंगळुरू' हे नाव आढळते. आदिलशाही सैन्याने १६३८ मध्ये बंगळुरू घेतल्यानंतर हा मुलूख शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस 'केऑनिक्स' या राज्य सरकारी महामंडळाने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूरु या गावांतील ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभारली. महामंडळाचे तत्कालीन प्रमुख रा. कृ. बाळिगा यांची ही कल्पना. सौम्य उताराची जमीन बांधकामास सोयीची होती आणि महामार्गही लगत होता. २०१० मध्ये उन्नत मार्ग, तर ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली.

पाण्याचा प्रश्न मात्र रस्त्यांप्रमाणे सुटला नाही. शहर विस्तारताना अनेक तलाव बुजले, त्यांना जोडणारे ओढे अरुंद झाले. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत पूर्व बंगळुरूतील बेलंदूर परिसर जलमय झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका आटल्या. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून पंपांच्या साह्याने पठारावर चढवून आणावे लागते.