हवाईच्या राज्याची कागदी साक्ष

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे आज अमेरिकेच्या संघराज्यातील एक राज्य म्हणून ओळखली जातात. 1893 पर्यंत मात्र तेथे स्वतंत्र राजसत्ता नांदत होती. तिचे स्वतःचे राजे होते, कायदे होते आणि 1851 पासून स्वतःची टपाल तिकिटेही होती. त्यांतील पहिली तिकिटे जगातील अतिदुर्मिळ तिकिटांत गणली जातात. पुरावा कसा पारखावा आणि त्याचे मोल कशावरून ठरवावे, याचा एक उत्तम वस्तुपाठ त्यांच्या इतिहासात आम्हांला आढळतो.

राजा तिसरा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत हेन्री व्हिटनी हे होनोलुलूचे पहिले पोस्टमास्तर झाले. त्यांनी 1 ऑक्टोबर 1851 रोजी 2, 5 आणि 13 सेंटची निळी तिकिटे विक्रीस काढली. सरकारी छापखान्यात साधे खिळे जुळवून, अतिशय पातळ व ठिसूळ कागदावर ती छापली गेली. 2 सेंटचे तिकीट वृत्तपत्रांसाठी आणि 5 सेंटचे साध्या पत्रासाठी होते. 13 सेंटमध्ये हवाईचे 5, जहाजाच्या कप्तानाचे 2 आणि अमेरिकेतील टपालाचे 6 सेंट अंतर्भूत होते. दूरच्या बंदराशी व्यवहार ठेवणाऱ्या एका लहानशा राज्याचा सारा हिशेबच जणू त्या चिटोऱ्यावर मांडलेला आहे.

या तिकिटांना संग्राहक 'मिशनरी' म्हणतात. हे नाव वाचून आपल्या वाचकांच्या मनात मोलोकाईच्या संत डेमियन यांची मूर्ती उभी राहील. परंतु ते होनोलुलूला उतरले 1864 साली, म्हणजे या तिकिटांनंतर बऱ्याच वर्षांनी. न्यू इंग्लंडमधून आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी आपल्या घरी धाडलेल्या पत्रांवर ही तिकिटे प्रामुख्याने आढळली, म्हणून हे नाव रूढ झाले.

2 सेंटचे तिकीट सर्वांत दुर्मिळ असण्याचे कारण साधे आहे. पत्र माणूस जपून ठेवतो. वर्तमानपत्र वाचले की रद्दीत जाते, आणि त्याबरोबर त्यावरचे तिकीटही जाते. आज या तिकिटाच्या सुमारे 15 प्रतीच ज्ञात आहेत. त्यांतील न वापरलेली प्रत अवघी एक आहे.

अस्सल तिकीट ओळखायचे कसे? मूळ छपाईत दोन तिकिटांची जुळणी शेजारी शेजारी केलेली होती. त्यामुळे प्रत्येक किमतीचे दोन प्रकार संभवतात. एकात 'पोस्टेज' शब्दाचे आद्याक्षर वरच्या ओळीतील 'हवाईयन' शब्दाच्या आद्याक्षराच्या किंचित उजवीकडे येते. दुसऱ्यात ते बरोबर त्याच्याखाली येते. अशा बारकाव्यांबरोबर कागद, शाई आणि टपालाचा शिक्का यांचीही साक्ष एकमेकींशी जुळावी लागते. एक साक्ष जुळली आणि दुसरी फुटली, तर निर्णय राखून ठेवणेच शहाणपणाचे.

मोहापोटी हा संयम सुटला तर काय होते, हे ग्रिनेल प्रकरणाने दाखवून दिले. लॉस एंजेलिसचे शिक्षक जॉर्ज ग्रिनेल यांनी 1918 साली आपल्याला अशी अनेक तिकिटे मिळाल्याचे सांगितले. एका व्यापाऱ्याने त्यांतील बरीच 65 हजार डॉलरना विकत घेतली. पुढे शंका उद्भवून वाद कोर्टात गेला आणि 1922 साली ती बनावट ठरली. तरीही त्यांची बाजू घेणारे उरलेच. अखेर लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीने नव्याने परीक्षा करून एकविसाव्या शतकाच्या आरंभी तोच निर्वाळा दिला. ज्याला विश्वास ठेवायचाच असतो त्याला पुरावा अपुरा पडत नाही, हे माणसाचे जुने दुखणे आहे.

किमतीची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. पातळ कागदामुळे बहुतेक प्रती फाटलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या आहेत; म्हणून धड राहिलेल्या प्रतीला मोल अधिक. त्याहूनही मोलाचे म्हणजे पाकिटावर जागच्या जागी राहिलेले तिकीट. 2 सेंटचे तिकीट असलेले एकच पाकीट ज्ञात आहे. 1870च्या सुमारास ते जुन्या कागदांच्या गठ्ठ्याबरोबर एका कारखान्याच्या भट्टीत टाकले गेले. गठ्ठा इतका घट्ट होता की आग विझली, आणि सुमारे 35 वर्षांनी ते पाकीट हाती आले. त्याची एक कड करपलेली आहे. तरीही 2013 साली ते 22 लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. कोठून निघाले, कोणत्या मार्गाने गेले, किती मूल्य भरले, हे सारे त्यावर एकत्र वाचता येते. तेच तिकीट कापून सुटे केले असते, तर ही साक्ष कायमची मुकी झाली असती. म्हणूनच घरातील जुन्या पेटीत परदेशाहून आलेली पाकिटे सापडली, तर तिकिटे सोडवण्यासाठी ती पाण्यात बुडवू नयेत, अशी वाचकांना आमची आग्रहाची सूचना आहे.

17 जानेवारी 1893 रोजी राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली. नव्या सत्ताधाऱ्यांनी राज्याच्या शिल्लक तिकिटांवर 'हंगामी सरकार' असे शब्द छापून तीच वापरात आणली. 1898 साली बेटे अमेरिकेत सामील झाली आणि 1900 साली हवाईची स्वतंत्र तिकिटेही बंद झाली. राज्य बळाने पुसता येते. पण त्या राज्याच्या नावाने पत्रे समुद्रापार जात होती, ही गोष्ट मात्र पुसता येत नाही. लिलावातील आकड्यांपेक्षा या कागदांचे हे मूल्य आम्हांला मोठे वाटते.