चढ, शंकू आणि पाट : एका भूमितीय कल्पनेचा पूर्वेतिहास

सिंदेवाहीच्या परिसरात भाताच्या बांध्यांना तलावाचे पाणी पाटाने मिळते. मुखाशी पाटाच्या तळाची उंची आणि उताराचे प्रमाण, एवढे दोनच आकडे आखणी करणाऱ्याच्या हाती असले, तरी पुढील प्रत्येक खुंटीची उंची ठरते. उतार हजारास एक असेल, तर ४५० मीटरवर तळ ४५ सेंटिमीटर खाली हवा. प्रमाण किंचित चुकले तर चूक खुंटीगणिक वाढत जाते आणि तिचे फळ शेवटच्या बांधीच्या धन्यास भोगावे लागते. एक बिंदू व चढ यांवरून रेषेवरील अन्य बिंदू शोधणे, असे आपण वर्गात ज्यास म्हणतो, ते हेच होय.

ही कल्पना देकार्तच्या १६३७ मधील ग्रंथापासून सुरू होते, असे सरसकट सांगितले जाते. उलट पक्षी, आमच्याकडे सर्व काही पूर्वीच होते, असे म्हणणाऱ्यांचीही वाण नाही. दोन्ही मते तपासून पाहण्यास ‘लीलावती’ (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) पुरेशी आहे. तिच्या छायाव्यवहारात १२ अंगुळांच्या शंकूची छाया ८ अंगुळे पडते; शंकू छायाग्राच्या दिशेने २ हात, म्हणजे ४८ अंगुळे, सरकविला की ती १२ होते. छायाग्रांतील अंतर ५२, छायांतील भेद ४. त्रैराशिकाने दीपाच्या पायथ्यापासून छायाग्रे १०४ व १५६ अंगुळांवर येतात. आता पहिल्या छायाग्रापासून मागे जाताना दर ८ अंगुळांस किरण १२ अंगुळे चढतो. म्हणून १०४ अंगुळांवर तो १५६ चढेल. दुसऱ्या किरणाचा चढ १२ ला १२; तोही १५६ वरच पोचतो. दीपाची उंची साडेसहा हात. भिन्न चढांच्या दोन रेषांचा छेदबिंदू येथे काढलेला आहे, हे नाकारता येणार नाही.

तथापि यास निर्देशक भूमिती म्हणणे धाडसाचे ठरेल. येथे अक्ष नाहीत, रेषेचे समीकरण नाही. मात्र दिशेचे चिन्ह भास्कराचार्यांस अपरिचित नव्हते. १० व १७ भुजा आणि ९ भूमी असलेल्या त्रिकोणाची एक आबाधा ते ऋण ६ काढतात व ऋणाचा अर्थ उलट दिशा असा देतात. प्रस्तुत लेखकास शंकूच्या उदाहरणापेक्षा हे स्थळ अधिक मोलाचे वाटते. पहिल्या घाताचे समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे स्पष्टपणे मांडले फर्माने. त्याचा तो प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६७९ मध्ये छापला गेला. बिंदू व चढ यांवरून रेषा लिहिण्याची आजची रीत तर अठराव्या शतकाच्या अखेरीस मोंजच्या लेखनात दिसते.

ग्रंथांबाहेरचा पुरावा अद्याप जमिनीतच आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाची ख्याती होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर ते तलाव ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. गाळ व दुरुस्त्या यांनी पाटांचे तळ बदलतात. म्हणून विद्यार्थ्यांनी तळाऐवजी जुन्या दगडी उंबऱ्यांच्या उंच्या मोजून आलेखावर मांडाव्यात आणि ते बिंदू एका रेषेवर येतात की नाही, ते पाहावे.