वाट कोणाला ठाऊक

१६८९च्या फेब्रुवारीत मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्री ओलांडून अचानक संगमेश्वरावर आला आणि छत्रपती संभाजी महाराज कवी कलशासह पकडले गेले. फितुरी कोणाची, यावर इतिहासकार आजही भांडतात. पण पक्की खबर आणि घाटांची माहिती हाताशी नसती, तर ती दौड जमली नसती.

या मुलखात वाट म्हणजे सत्ताच होती. देशावरून उतरणाऱ्या घाटवाटांवर किल्ले बसवलेले. कुंडी घाटावर महिमतगडाची नजर, तर शृंगारपूरच्या डोक्यावर प्रचितगड. वाटेचं ज्ञान घाटाखालच्या गावकऱ्यांकडे असे, आणि सैन्य असो की व्यापारी, त्यांना वाटाड्या घ्यावाच लागे.

पुढे सर्व्हे ऑफ इंडियानं हा डोंगर कागदावर आणला. संगमेश्वर आणि देवरुख ही दोन्ही गावं ४७ जी/१२ या एकाच शीटवर येतात. १:५०,००० प्रमाण, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. समोच्च रेषा, ओढे, पायवाटा, देवळं, सगळं त्यात. फक्त ते सामान्य माणसाला मिळत नसे! समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरचा पट्टा संरक्षणाच्या कारणानं प्रतिबंधित होता आणि संगमेश्वर तालुका त्यातच. ज्या डोंगरात माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत आली, त्याचा नकाशा त्यांच्यापासूनच लपवायचा, हा प्रकार अजबच. जीप घेऊन सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढणारे मग प्र. के. घाणेकरांसारख्या दुर्गलेखकांची पुस्तकं वाचत, आणि वाडीत उतरून विचारत.

मे २०००मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली खोट काढली. तोवर चूक शंभर मीटरपर्यंत जाई. आंबा घाटात आपण कोणत्या वळणावर आहोत, हेही त्यावरून ठरवता येत नसे. त्यानंतर ती चूक दहा-वीस मीटरवर आली. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं नागरी वापरासाठी वेगळी नकाशामालिका मान्य केली आणि २०१७मध्ये ती घरबसल्या फुकट उतरवून घेता येऊ लागली. तिकडे ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर हौशी लोक जगभरच्या वाटा स्वतःच आखत होते.

त्यामुळे डोंगरात वाट शोधायची आजची स्वस्तातली जुळणी फार साधी आहे. कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन, डॅशबोर्डवर पक्का बसणारा होल्डर, गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटमधून चार्जिंग आणि ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे दाखवणारं ऑसमँडसारखं ॲप. तालुक्याचा नकाशा घरीच उतरवून घेतला की सिमकार्डही लागत नाही, कारण उपग्रहाचा सिग्नल मोबाइलच्या टॉवरवर अवलंबून नसतो. एप्रिलच्या उन्हात काचेमागे फोन तापून बंद पडतो, म्हणून होल्डर एसीच्या झोतासमोर लावलेला बरा. दाट झाडीत आणि खोल दरीत ठिपका इकडेतिकडे उडतो, तेव्हा थोडं थांबायचं.

खरी अडचण यंत्राची नाहीच. जांभ्याच्या सड्यावर चिरेखाणीचे ट्रक नव्या वाटा पाडतात. त्यातल्या कित्येक खाणीच्या तोंडाशीच संपतात आणि उपग्रहचित्रात त्या चांगल्या गाडीवाटेसारख्या दिसतात. पावसाळ्यानंतर साकवापाशी पुढचा रस्ता उरला आहे का, हे सांगायला वाडीतलाच कोणीतरी लागतो. प्रचितगडाकडे जाणाऱ्यांची गाडी शृंगारपुरात थांबते. पुढचा चढ पायी, आणि तोही तिथल्या व्याघ्र प्रकल्पाचे नियम विचारून.