बडनेरा

बडनेरा हे महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील अमरावती शहराचे उपनगर आणि मध्य रेल्वेवरील महत्त्वाचे जंक्शन आहे. अमरावतीच्या मध्यवर्ती भागापासून ते नैर्ऋत्य दिशेला सुमारे १० किलोमीटर अंतरावर वसलेले आहे. पूर्वी बडनेऱ्याला स्वतंत्र नगरपालिका होती. १९८३ पासून हे गाव अमरावती महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट आहे. मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरून येणाऱ्या प्रवाशाला अमरावतीत पोहोचण्यासाठी बहुधा बडनेऱ्यातच उतरावे लागते. त्यामुळे या गावाला अमरावतीचे प्रवेशद्वार मानले जाते.

भौगोलिक स्थान

बडनेरा वऱ्हाडच्या सपाट, काळ्या कसदार जमिनीच्या पट्ट्यात आहे. उत्तरेला काही अंतरावर सातपुड्याच्या मेळघाटातील रांगा आणि पूर्वेला पोहरा-मालखेडच्या टेकड्या आहेत. उन्हाळा अतिशय कडक असून पाऊस मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. परिसरात कापूस, तूर व सोयाबीन ही प्रमुख पिके घेतली जातात. मराठीची वऱ्हाडी बोली येथे प्रचलित आहे. बाजारपेठेत व रेल्वेच्या वस्तीत हिंदी आणि उर्दूही बोलल्या जातात.

नाव व पूर्वेतिहास

जुन्या नोंदींत या गावाचा उल्लेख ‘बडनेरा बीबी’ असा आढळतो. अहमदनगरच्या निजामशाही घराण्यातील एका राजकन्येला हे गाव आंदण म्हणून दिले गेले, त्यावरून ‘बीबी’ हा शब्द नावाला जोडला गेला, अशी परंपरागत समजूत आहे. १५७४ मध्ये निजामशाहीने एलिचपूरची इमादशाही जिंकून वऱ्हाड आपल्या राज्याला जोडले आणि १५९६ मध्ये तो प्रांत मोगलांकडे गेला. पुढे वऱ्हाड हैदराबादच्या निजामाच्या ताब्यात आले. १८५३ च्या तहान्वये निजामाने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले. रेल्वे येण्यापूर्वीचे बडनेरा हे या प्रांतातील इतर अनेक कसब्यांसारखेच एक बाजाराचे गाव होते.

लोहमार्गाचे आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे गंगाकाठच्या मिर्झापूरच्या बाजारापर्यंत नेत असत. या प्रवासाला कित्येक आठवडे लागत आणि वाटेत धूळ व पाऊस यांमुळे माल खराब होई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोठी मागणी आली. मुंबई व लिव्हरपूल येथील बाजारांत हा कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जात असे.

याच काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भुसावळहून नागपूरकडे मार्ग टाकण्यास सुरुवात केली. हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मात्र कापसाची मोठी पेठ असलेल्या अमरावतीतून न जाता तो दक्षिणेकडून बडनेऱ्यावरून गेला. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील काही वर्षांतच बडनेरा–अमरावती हा फाटा बांधण्यात आला. अशीच परिस्थिती खामगावची होती. तेथेही मुख्य मार्ग जलंबवरून गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव फाट्याचे उद्घाटन झाले. पुढे मूर्तिजापूर येथूनही अचलपूर व यवतमाळकडे अरुंदमापी फाटे निघाले. वऱ्हाडातील या फाट्यांचे मुख्य प्रयोजन कापसाची वाहतूक हे होते.

याच सुमारास ग्रीसमध्ये अथेन्स व त्याचे बंदर पिरेअस यांना जोडणारा लोहमार्ग १८६९ मध्ये सुरू झाला. त्याची लांबीही साधारण बडनेरा–अमरावती फाट्याइतकीच होती. मूळ नगर आत आणि त्याची वाहतूक सांभाळणारे गाव थोडे दूर, ही रचना दोन्ही ठिकाणी दिसते. मात्र पिरेअसने आपली स्वतंत्र नगरपालिका आजही टिकवून ठेवली आहे. बडनेऱ्याची नगरपालिका मोठ्या शहरात विलीन झाली.

कापूस व उद्योग

रेल्वेमुळे बडनेऱ्यात कापसाचा बाजार भरभराटीला आला व जिन-प्रेस उभ्या राहिल्या. जिनमध्ये कापसातील सरकी वेगळी केली जाते आणि प्रेसमध्ये उरलेल्या रुईच्या घट्ट गठाणी बांधल्या जातात. गठाणीमुळे कमी जागेत अधिक माल मावतो. त्यामुळे जिन-प्रेस स्थानकाजवळ असणे किफायतीचे ठरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथे सूत व कापड तयार करणारी गिरणीही सुरू झाली होती. गिरणी, जिन-प्रेस आणि रेल्वे यांमुळे शेतीवर अवलंबून नसलेला मोठा कामगारवर्ग येथे निर्माण झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील कापडउद्योगाला उतरती कळा लागली. बडनेऱ्याची गिरणीही त्यातून सुटली नाही. त्यानंतर रेल्वेतील नोकरी, व्यापार व अमरावती शहरातील रोजगार हे येथील उपजीविकेचे प्रमुख आधार बनले. बडनेरा मार्गावर सातुर्णा येथे औद्योगिक वसाहत आहे. रेल्वेने बडनेरा येथे मालडब्यांच्या दुरुस्तीचा कारखानाही उभारला आहे.

वस्ती

बडनेऱ्याचे जुनी वस्ती व नवी वस्ती असे दोन भाग मानले जातात. जुनी वस्ती हे मूळ गाव असून नवी वस्ती रेल्वे आल्यानंतर वाढत गेली. अमरावतीच्या राजापेठ भागातून बडनेऱ्याकडे येणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा गेल्या काही दशकांत नवनवीन वसाहती उभ्या राहिल्या. त्यामुळे पूर्वी शेतांनी विभागलेली ही दोन गावे आता जवळजवळ सलग झाली आहेत.

प्रशासन

१५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावती व बडनेरा या दोन नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून अमरावती महानगरपालिका स्थापन झाली. विलीनीकरणानंतर रस्ते, आरोग्य व स्वच्छता यांची जबाबदारी महानगरपालिकेकडे आली. अमरावतीप्रमाणेच बडनेऱ्यालाही मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी मिळते.

या बदलाचा एक परिणाम असा झाला, की जनगणनेत बडनेऱ्याची शहर म्हणून स्वतंत्र नोंद होत नाही. २०११ च्या जनगणनेत अमरावती महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ६,४७,०५७ होती; तीत बडनेऱ्याचा समावेश आहे. स्थानिक स्वराज्य संस्था नाहीशी झाली असली तरी गावाचे नाव राजकीय नकाशावर कायम आहे. महाराष्ट्र विधानसभेचा ३७ क्रमांकाचा मतदारसंघ बडनेरा या नावाने ओळखला जातो. त्यात बडनेऱ्यासह अमरावती शहराचा काही भाग व काही ग्रामीण गावे येतात. तो अमरावती लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे.

शिक्षण

प्रा. राम मेघे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड रिसर्च हे अभियांत्रिकी महाविद्यालय बडनेरा येथे १९८३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली. हे विद्यापीठ आता संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. या महाविद्यालयामुळे विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतील विद्यार्थीही बडनेऱ्यात येऊ लागले.

वाहतूक

बडनेरा स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे. येथून अकोला सुमारे ८० आणि नागपूर सुमारे १७५ किलोमीटर अंतरावर आहे. अमरावती हे फाट्यावरील शेवटचे स्थानक असल्याने लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तेथे न जाता बडनेऱ्यावरूनच पुढे जातात. अमरावतीहून मुंबईला जाणारी अंबा एक्सप्रेसही बडनेऱ्यावरून धावते. चांदूर बाजार, मोर्शी व वरूड या संत्र्याच्या पट्ट्यातून जाणारा नरखेड मार्ग एकविसाव्या शतकात सुरू झाल्यावर बडनेरा हे नागपूर–इटारसी मार्गाशीही थेट जोडले गेले.

अमरावतीचा विमानतळ बडनेऱ्यापलीकडे यवतमाळ रस्त्यावर बेलोरा येथे आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथून मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. राष्ट्रीय महामार्गही (पूर्वीचा क्रमांक ६, सध्याचा ५३) याच परिसरातून जातो.

धार्मिक व प्रेक्षणीय स्थळे

बडनेऱ्याजवळ टेकड्यांच्या परिसरात कोंडेश्वर हे जुन्या दगडी बांधणीचे शिवमंदिर आहे. श्रावणात व महाशिवरात्रीला तेथे भाविकांची मोठी गर्दी होते. अमरावतीतील अंबादेवी व एकवीरा देवी यांच्या दर्शनासाठी नवरात्रात रेल्वेने येणारे यात्रेकरूही बडनेरा स्थानकावर उतरतात.