दृष्टिहीन व्यक्तींनी वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्यावा का? घेताना काय तपासावं?

मोबाइलवरचा नकाशा 'तुम्ही पोहोचलात' असं सांगतो, तेव्हा डोळस माणूस मान वर करून पाटी शोधतो. दृष्टिहीन माणसाला तसं करता येत नाही. बसस्टॉप रस्त्याच्या या बाजूला की त्या, गेट आणखी चार पावलांवर की मागे राहिलं, हे त्याला फोनच्या आवाजावरून आणि पांढऱ्या काठीवरून ठरवावं लागतं. म्हणून काही जण ब्लूटूथने फोनला जोडला जाणारा वेगळा सॅटेलाइट रिसीव्हर घेतात. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं हे यंत्र उपग्रहांचे सिग्नल पकडतं आणि ठिकाण फोनला कळवतं.

फोन नेमका कुठे चुकतो?

मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची अचूकता साधारण 5 मीटर असते. गल्लीच 6 मीटर रुंद असेल, तर तुम्ही कोणत्या कडेला आहात हे फोनला कळणारच नाही. उंच इमारतींमध्ये चूक आणखी वाढते, कारण सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि रिसीव्हर तेवढं अंतर जास्त धरतो. फोन खिशात असला की शरीरही सिग्नल अडवतं.

वेगळ्या रिसीव्हरचा खरा फायदा इथेच आहे. तो खांद्यावर किंवा सॅकच्या वरच्या कप्प्यात, आकाशाकडे तोंड करून ठेवता येतो आणि फोन खिशातच राहतो.

आधी फोन तपासा

2018 मध्ये शाओमी मी 8 हा दोन फ्रीक्वेन्सी वापरणारा पहिला स्मार्टफोन आला. आयफोनमध्ये ही सोय 2022 च्या 14 प्रो पासून आहे. एल1 सोबत एल5 हा सिग्नल मिळाला, की थेट आलेला आणि भिंतीवरून परतलेला सिग्नल वेगळा ओळखणं सोपं जातं. भारताची नाविक प्रणालीही एल5 वापरते. त्यामुळे तुमच्या फोनमध्ये एल5 असेल, तर फक्त एल1 वर चालणारा जुना बाह्य रिसीव्हर घेऊन पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त. आधी फोन छातीजवळच्या पट्ट्यात अडकवून आठवडाभर चालून पाहा. फरक पडला, तर खर्च वाचला!

आयफोन आणि अँड्रॉइड: मोठा फरक

आयफोनला कोणताही ब्लूटूथ रिसीव्हर चालत नाही, तो अ‍ॅपलने मान्यता दिलेला असावा लागतो. गार्मिन ग्लो 2 किंवा बॅड एल्फचे काही रिसीव्हर असे आहेत. एकदा जोडला की फोनमधली अ‍ॅप्स आपोआप त्याचं ठिकाण वापरतात.

अँड्रॉइडवर निवड जास्त, पण खटपटही जास्त. रिसीव्हरची माहिती घेणारं एक अ‍ॅप टाकावं लागतं आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ते 'मॉक लोकेशन अ‍ॅप' म्हणून निवडावं लागतं. ते अ‍ॅप टॉकबॅकने नीट वाचलं जातं का, हे आधी पाहा. शिवाय डेव्हलपर ऑप्शन्स सुरू असले की काही बँकिंग अ‍ॅप्स उघडायला नकार देतात. भाजीवाल्याला पैसे देताना हे लक्षात आलं तर पंचाईत.

आकड्यांपेक्षा बटण महत्त्वाचं

जाहिरातीत 'सेकंदाला 10 वेळा ठिकाण' असं ठळक लिहिलेलं असतं. विमानात किंवा गाडीत त्याचा उपयोग आहे, पायी चालताना सेकंदाला एकदा पुरतं. त्यापेक्षा चालू-बंद करायला सरकवायचं बटण आहे का, ते बोटांनी चाचपा. एकच दाबायचं बटण आणि बाकी सगळं लुकलुकणाऱ्या दिव्यांवर असेल, तर यंत्र चालू आहे की बॅटरी संपली, हे कुणाला तरी विचारावं लागेल. बॅटरी किती उरली हे फोनवर ऐकू येतं का, तेही विचारा.

जुना रिसीव्हर स्वस्तात मिळत असेल तर एक खास गोष्ट तपासा. सर्फस्टार 3 चिपच्या काही रिसीव्हरमध्ये 'स्टॅटिक नॅव्हिगेशन' असतं. वेग कमी झाला की गाडी थांबली असं समजून ते ठिकाण गोठवतं. गाडीसाठी सोयीचं, पण हळू चालणाऱ्या माणसासाठी घातक: तुम्ही पुढे गेलात तरी फोन मागच्याच कोपऱ्याचं नाव सांगत राहतो. ते बंद करता येत नसेल तर घेऊ नका.

सेंटिमीटरपर्यंत अचूक आरटीके रिसीव्हरही मिळतात. पण त्यांना जवळच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्तीची माहिती सतत लागते, आणि रोजच्या चालण्यासाठी तो व्याप मोठा आहे.

रिसीव्हर काय सुधारू शकत नाही?

नकाशातली चूक. इस्पितळाची खूण इमारतीच्या मध्यावर असेल आणि दार मागच्या गल्लीत, तर उत्तम रिसीव्हरही तुम्हाला भिंतीशीच नेईल. ओपनस्ट्रीटमॅपवर दाराची जागा वेगळी नोंदवता येते. नेहमीच्या ठिकाणांसाठी ते काम एखाद्या मित्राकडून करून घ्या. आणि एका जागी उभं असताना तुमचं तोंड कुठे आहे, हे उपग्रहांवरून कळत नाही. दिशा कळायला चार पावलं चालावी लागतात, नाहीतर फोनच्या होकायंत्रावर भिस्त.

घेताना परत करण्याची मुदत विचारून घ्या. त्या दिवसांत स्वतःच्या गेटपर्यंत सकाळ-संध्याकाळ, दोन्ही दिशांनी चालून पाहा आणि अ‍ॅप 'पोहोचलात' म्हणाल्यावर गेट किती पावलांवर लागतं ते मोजा. मग रिसीव्हर बंद करून, नुसत्या फोनवर तेच पुन्हा मोजा.