शांत वस्ती आणि भाड्याची खोली : पुण्यातील डेक्कन जिमखाना-एरंडवणे परिसराचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

मुठा नदीच्या पश्चिमेस वसलेला डेक्कन जिमखाना व एरंडवणे हा परिसर पुण्याच्या शैक्षणिक जीवनाचा केंद्रभाग मानला जातो. फर्ग्युसन, विधी महाविद्यालय, बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय, गोखले अर्थशास्त्र संस्था, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था अशा अनेक संस्था येथे पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. या संस्थांचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. परंतु त्यांच्या आधाराने जगलेल्या वस्तीचा, विशेषतः तेथे भाड्याने राहिलेल्या माणसांचा इतिहास तुलनेने उपेक्षित राहिला. महाविद्यालयाजवळ राहण्याची संधी कोणाला मिळाली, ती कशामुळे मिळाली आणि कोणाला नाकारली गेली, हे प्रश्न शिक्षणाच्या इतिहासापासून वेगळे करता येत नाहीत. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार वस्तीची घडण, भाडेनियंत्रणाचे कायदे आणि विद्यार्थ्यांचे निवासजीवन या तीन अंगांनी केला आहे.

पेठेतील विद्यार्थी

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या प्रारंभी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. आरंभी हे महाविद्यालय शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात भरत असे. म्हणजेच महाविद्यालय स्वतःच एका अर्थाने वाड्यातील बिऱ्हाड होते. कोकणातून, देशावरून येणारा विद्यार्थी पेठेतील एखाद्या वाड्यात खोली घेऊन राही. जेवणाची सोय खाणावळीत, नातेवाइकांकडे, अथवा गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याच्या बाबतीत माधुकरी मागून किंवा वार लावून होत असे. ही व्यवस्था गरिबाला आधार देणारी होती हे खरे. परंतु तो आधार जातीच्या चौकटीतच मिळत होता. वाड्यातील सामाईक विहीर, सोपा व स्वयंपाकघर यांवर सोवळ्याओवळ्याचे नियम लागू असल्याने ब्राह्मणेतर व विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यास पेठेत खोली मिळणे जवळजवळ अशक्य होते. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. त्यापूर्वी, १९०१ पासून, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने विविध समाजांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली होती. शाळेत नाव घालता येणे आणि शाळेच्या गावात राहता येणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, याची स्पष्ट जाणीव या वसतिगृह चळवळीमागे दिसते.

नदीपलीकडची वसाहत

१८९५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय नदीपलीकडील टेकडीच्या पायथ्याशी, सध्याच्या जागेत आले. त्यानंतर लगेचच १८९६-९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ उद्भवली. दाट वस्तीतील पेठा सोडून मोकळ्या माळावर झोपड्या बांधून राहण्याचा अनुभव अनेक कुटुंबांना आला. मोकळी हवा आणि विरळ वस्ती म्हणजे आरोग्य, ही धारणा या काळात मध्यमवर्गात दृढ झाली. १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला व त्याचे आवार फर्ग्युसनलगत उभे राहिले. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना ही संस्था, १९१७ मध्ये भांडारकर संस्था, १९२४ मध्ये विधी महाविद्यालय, १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था आणि १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय असा हा क्रम आहे. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून येथे आली व तिच्या नावाने रस्ता ओळखला जाऊ लागला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या संस्थांच्या भोवती बंगल्यांची वसाहत आकारास आली. सहकारी गृहनिर्माणाला १९१२ चा सहकारी संस्थांचा कायदा आणि पुढे १९२५ चा मुंबई सहकारी संस्था कायदा यांचा आधार होता. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, निवृत्त सरकारी अधिकारी हे येथील प्रमुख रहिवासी. त्यांतील बहुसंख्य ब्राह्मण मध्यमवर्गातील होते. फर्ग्युसनमध्ये अध्यापन केलेले गणितज्ञ व इतिहासकार दा. ध. कोसंबी यांचे घर भांडारकर संस्थेजवळच होते. पुढे मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी करतानाही त्यांनी हे घर सोडले नाही. ते डेक्कन क्वीनने ये-जा करीत.

या वसाहतीची शांतता ही केवळ निसर्गदत्त नव्हती. भोवती मोकळी जागा सोडून बांधलेली घरे, कुंपण, दुकानांना दूर ठेवणारी रचना आणि समान उत्पन्नगटातील शेजार यांतून ती घडविण्यात आली होती. वाड्यात कुटुंबांचे आवाज एकमेकांत मिसळत. बंगल्यात ते कुंपणाच्या आत राहत. आवाज दूर ठेवणारे हेच कुंपण अनोळखी माणसासही दूर ठेवीत होते, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

भाडेनियंत्रण आणि त्याचे परिणाम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. भाडेवाढ व बेदखली यांना आळा घालण्यासाठी मुंबई प्रांतात १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा करण्यात आला व तो फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच ‘प्रमाणित भाडे’ ठरले. त्या दिवशी भाड्याने नसलेल्या जागेबाबत साधारणपणे प्रथम आकारलेले भाडे ग्राह्य धरले गेले. या कायद्याने हजारो भाडेकरूंना स्थैर्य दिले, हे त्याचे निर्विवाद श्रेय आहे. तुटपुंज्या पगारावरील शिक्षकाला शहराच्या मध्यवस्तीत राहून मुले शिकविता आली, ती याच कायद्यामुळे.

तथापि, गोठलेल्या भाड्यात वाड्याची डागडुजी मालकास परवडेनाशी झाली आणि पेठांतील अनेक वाडे जीर्ण झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे नष्ट झाली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. नदीपलीकडील बंगल्यांच्या मालकांनी वाड्यांच्या अनुभवावरून वेगळाच धडा घेतला. एकदा भाडेकरू ठेवला की तो निघत नाही, या भीतीने रिकामी खोली कुलूपबंद ठेवणे अनेकांना अधिक सुरक्षित वाटू लागले. भाडेकरूला संरक्षण देणारा कायदा अशा रीतीने नव्या भाडेकरूस घर मिळण्याच्या आड येऊ लागला.

या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट अनुज्ञप्ती कराराची, म्हणजेच ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अनुज्ञप्तीधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्यामुळे मालकांची धास्ती काही काळ वाढलीच. दुसरी वाट ‘पेईंग गेस्ट’ची. मालक स्वतः राहत असलेल्या घराचा भाग वापरणाऱ्या अशा व्यक्तीस याच दुरुस्तीने अनुज्ञप्तीधारकाच्या व्याख्येतून वगळले. बंगल्यातील मागील खोली, माडी किंवा गच्चीवरील खोली विद्यार्थ्यास देण्यातील कायदेशीर भय त्यामुळे कमी झाले. निवृत्त दांपत्यास किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धेस त्यातून उत्पन्न आणि सोबत दोन्ही मिळू लागले.

१९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रमाणित भाडे गोठविणाऱ्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदविले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वार्षिक चार टक्के भाडेवाढीस मुभा देण्यात आली. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्या अनुज्ञप्तीधारकाविरुद्ध जलद उपाय ठेवण्यात आला. आणि कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक झाले. नोंदणीची जबाबदारी मालकावर असून करार लेखी नसल्यास भाडेकरूचे कथन ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी आवश्यक केल्यामुळे ‘अकरा महिन्यांचा करार’ रूढ झाला होता. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांच्या करारासही नोंदणीतून सूट नाही. सवय मात्र टिकून आहे.

कॉट, अटी आणि अभ्यासिका

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली, वसतिगृहे त्या प्रमाणात वाढली नाहीत. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थांनी ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी मोलाचे कार्य केले. उर्वरितांसाठी ‘कॉट बेसिस’ ही पद्धत रूढ झाली. यात खोलीऐवजी खाट भाड्याने मिळते. पाण्याची वेळ, रात्रीची वेळ, पाहुण्यास मनाई, शाकाहाराची अट असे नियम लेखी करारात क्वचितच असतात; ते तोंडी सांगितले जातात. आडनाव विचारून मग खोली ‘आधीच दिली आहे’ असे सांगण्याची रीतही तोंडीच असते. पूर्वी सोवळ्याने केलेली निवड पुढे आहाराच्या व शांततेच्या भाषेत होऊ लागली.

शासनाने २०१६-१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यास पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये देण्याची तरतूद प्रारंभी करण्यात आली. त्यांपैकी निवासासाठी २०,००० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे १,६६७ रुपये होते. या रकमेत डेक्कन परिसरात स्वतंत्र खोली मिळण्याची शक्यता नव्हती.

दरम्यान बंगल्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती आल्या. २०२० च्या टाळेबंदीत खोल्या एकाएकी रिकाम्या झाल्या, तेव्हा अनेक घरांचा खर्च विद्यार्थ्यांच्या भाड्यावर चालत होता हे उघड झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रो डेक्कन जिमखान्यापर्यंत पोहोचली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी मात्र पुन्हा सदाशिव, नारायण व शनिवार पेठांतच दाटीने राहताना दिसतात. दाटीच्या खोलीत अभ्यास होत नाही, म्हणून ते मासिक शुल्क भरून अभ्यासिकेत जागा घेतात. शांत खोली परवडत नाही, म्हणून शांत खुर्ची भाड्याने घेतली जाते.

निष्कर्ष

१) डेक्कन-एरंडवणे परिसराची शांतता ही शिक्षणसंस्था, सहकारी गृहनिर्माण आणि सामाजिक एकजिनसीपणा यांतून घडली, ती सर्वांसाठी समान रीतीने खुली कधीच नव्हती.

२) भाडेनियंत्रणाने स्थिर भाडेकरूचे रक्षण केले, परंतु नव्याने येणाऱ्याचा, विशेषतः विद्यार्थ्याचा मार्ग अरुंद केला. १९९९ च्या कायद्याने मालकाची भीती कमी केली; भाडेकरूचे स्थैर्य मात्र अल्पमुदतीच्या करारापुरते उरले.

३) ज्या वस्तीत एके काळी प्राध्यापकांनी घरे बांधली, तेथे तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकास एक खोलीही परवडत नाही. अध्यापक आणि विद्यार्थी दोघेही दूरवरून येतात व तास संपताच परततात. वर्गाबाहेरची भेट, सायंकाळी टेकडीवर फिरताना होणारी चर्चा, एखाद्या अध्यापकाच्या घरचा ग्रंथसंग्रह या गोष्टी अभ्यासक्रमात नसल्या तरी शिक्षणाचा भाग होत्या.

४) म्हणून वसतिगृहांची क्षमता आणि निवासभत्त्याची रक्कम यांचा विचार कल्याणकारी योजनांपुरता मर्यादित न ठेवता उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेच्या चर्चेत होणे आवश्यक आहे. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाजवळ राहण्यास जागा नसेल, तर तो प्रवेश अर्धाच ठरतो.